इजिप्तची सुई आणि चौथा जीनोटाइप : हेपटायटिस सी चा इतिहास

आजचा विषय वैद्यकाचा वाटला तरी मी तो इतिहासाच्या अंगाने मांडणार आहे. हेपटायटिस सी नावाचा एक विषाणू आहे, त्याचे प्रकार आहेत, आणि त्या प्रकारांवरून कुठल्या रोग्याला कुठले औषध लागू पडणार हे अनेक वर्षे ठरत होते. हे प्रकार कुठून आले, त्यांना नावे कशी पडली, आणि एकेकाळी ‘सोपा’ म्हटला गेलेला प्रकार पुढे ‘अवघड’ कसा ठरला, हे आपण बघणार आहोत. त्यासाठी आपल्याला बराच वेळ इजिप्तमध्ये थांबावे लागेल.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे ‘कावीळ’ या एका शब्दात सगळे यकृताचे आजार येतात. डोळे पिवळे झाले की कावीळ. पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे होते ती बहुधा हेपटायटिस ए किंवा ई ची, आणि ती बहुतेकांची आपसूक बरी होते. मग ज्याने झाडपाला दिला त्याला श्रेय मिळते. (हशा) हेपटायटिस सी चे वागणे अगदी वेगळे. तो रक्तातून येतो, येताना फारसा आवाज करत नाही, बहुतेकांना कावीळ होतच नाही. साधारण दहापैकी सात-आठ जणांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम ठोकतो. यकृतात हळूहळू वण तयार होतात, म्हणजे फायब्रोसिस. वीस-पंचवीस वर्षांनी त्यातल्या काहींना सिरोसिस होतो, यकृत आक्रसून कडक होते, आणि सिरोसिस झालेल्यांपैकी काहींना यकृताचा कर्करोग. म्हणजे १९६५ साली टोचलेल्या सुईचा हिशेब १९९० मध्ये समोर येतो. इतिहासकाराला हा आजार आपला वाटतो तो यामुळेच.

१९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी रक्त घेतल्यावर झालेल्या काविळीचे नमुने तपासले. हेपटायटिस बी ची चाचणी होती, ए ची नुकतीच आली होती. निघाले काय, तर बरेचसे रुग्ण दोन्हींत बसेनात. मग त्या आजाराला नाव पडले ‘नॉन-ए, नॉन-बी’. ए नाही, बी नाही, इतकेच माहीत. आणि हे नाव चौदा वर्षे टिकले, कारण विषाणू काही हाती लागेना. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेना, प्रयोगशाळेत वाढेना.

अखेर १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी तो पकडला, तोही उलट्या वाटेने. विषाणू न बघताच त्यांनी त्याच्या जनुकीय मजकुराचा तुकडा शोधला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातले डॅनियल ब्रॅडली यांनी संसर्ग झालेल्या चिंपांझीचे रक्तद्रव्य पुरवले होते. त्यातून लाखो तुकडे तयार केले, आणि रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडे कुठल्या तुकड्याला चिकटतात ते तपासत गेले. एक तुकडा सापडला. गवताच्या गंजीत सुई म्हणतात ना, तसेच. २०२० चे नोबेल हार्वी ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना मिळाले. चू आणि कुओ त्यात नव्हते. त्याआधी २०१३ मध्ये हॉटन यांनी कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार नाकारला होता, कारण या दोन सहकाऱ्यांचे नाव त्यात घेतले नव्हते. नोबेल मात्र त्यांनी स्वीकारले. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, पण नोंद करून ठेवू.

आता जीनोटाइप. या विषाणूचा मजकूर आरएनएचा, साधारण ९,६०० अक्षरांचा. नक्कल करणारे त्याचे विकर, म्हणजे एन्झाइम, चुका तपासत नाही. पोथ्या उतरवून काढणारा लेखनिक जसा चुका करत जातो आणि मग पोथ्यांची वेगवेगळी घराणी तयार होतात, तसेच इथे झाले. फक्त इथला लेखनिक दिवसाला अब्जावधी प्रती काढतो. वेगवेगळ्या देशांतून नमुने यायला लागले तेव्हा लक्षात आले की हा एक विषाणू म्हणावा की अनेक, असा प्रश्न पडावा इतका फरक आहे. दोन जीनोटाइपमध्ये शेकडा तीसच्या आसपास अक्षरे वेगळी असतात. १९९४ मध्ये पीटर सिमंड्स आणि जगभरच्या इतर प्रयोगशाळांनी एकत्र येऊन नावांची शिस्त लावली : सहा जीनोटाइप, आणि प्रत्येकात ए, बी, सी असे उपप्रकार. आता ते आठ आहेत.

पडद्यावर जो नकाशा दिसतोय त्यावर एक नजर टाका. जगात सगळ्यांत जास्त पहिला प्रकार, त्याच्या खालोखाल तिसरा. दुसऱ्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेत, पाचवा दक्षिण आफ्रिकेत, सहावा आग्नेय आशियात. तिसरा आपला, म्हणजे भारत-पाकिस्तानचा. आणि चौथा मध्य आफ्रिका आणि मध्यपूर्वेचा. आता इथे इजिप्तकडे बघा. हा देश चौथ्या प्रकाराने जवळजवळ भरलेला आहे. दहापैकी नऊ रुग्ण एकाच प्रकाराचे, आणि त्यातही बहुतेक ४ए. एवढ्या मोठ्या देशात इतकी एकसारखी साथ दिसली की समजावे, ही एका वाटेने, थोड्या काळात, झपाट्याने पसरली आहे.

ती वाट कुठली? त्यासाठी नाईल नदीच्या पाण्यात उतरावे लागेल.

नाईलच्या खोऱ्यात बिल्हार्झिया हा आजार फार जुना. १८५१ साली कैरोत थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरला शवविच्छेदनात त्याचा जंत सापडला. गोड्या पाण्यातल्या गोगलगाईतून अळ्या बाहेर पडतात, पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. मग लघवीतून रक्त, मूत्राशय खराब, किंवा दुसऱ्या जातीचा जंत असेल तर यकृत आणि पाणथरी खराब. बारमाही कालवे आले तसा हा आजार वाढला, कारण गोगलगाईला वर्षभर पाणी मिळाले. शेतात कालव्याचे पाणी सोडणारा प्रत्येक शेतकरी त्या पाण्यात उभा.

हा आजार आपल्यापासून फार लांब आहे असे मात्र समजू नका. १९५० च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीच्या बिल्हार्झियाचे रुग्ण सापडले होते. भारतातले ते एक विरळा आणि गाजलेले ठिकाण. ते छोटे होते, पुढे आटोक्यात आले. इजिप्तमध्ये मात्र हा देशाचाच आजार होता.

त्यावर औषध होते टार्टर इमेटिक, म्हणजे अँटिमनीचा एक क्षार. १९१८ मध्ये खार्टूममधल्या ख्रिस्टोफरसन या डॉक्टरांनी ते शिरेतून देऊन गुण येतो हे प्रसिद्ध केले. औषध विषारी होते, शिरेतूनच द्यावे लागे, आणि एकदा नाही, काही आठवड्यांत दहा-बारा-पंधरा वेळा. इजिप्तमध्ये १९२० च्या दशकापासून ते वापरात आले, आणि १९५० नंतर सरकारने त्याची मोहीम केली. गावोगाव, शाळाशाळांत. १९६४ ते १९६९ या काळात दर वर्षी सुमारे अडीच लाख लोकांना मिळून वीस लाखांहून अधिक इंजेक्शने दिली गेली.

त्या मोहिमेचे एक प्रत्यक्ष वर्णन उपलब्ध आहे. १९६४ साली भेटीला आलेल्या एका परदेशी तज्ज्ञाने घड्याळ लावून बघितले. डॉक्टरांनी ९ वाजून २० मिनिटांनी सुरुवात केली, १० वाजून १० मिनिटांनी संपवली. मधे दहा मिनिटे विश्रांती. एवढ्या वेळात ५०४ जणांना शिरेतून इंजेक्शन. बायका, पुरुष, मुले. भागाकार करा : एका माणसाला पाच सेकंदसुद्धा नाहीत. वापरलेली काचेची सिरिंज एका तबकात जायची, धुऊन मिनिट-दोन मिनिटे उकळून दुसऱ्या तबकात यायची, आणि पुढच्या दंडात. पाहुण्याने हे कौतुकाने लिहिले आहे! त्या काळी ते कौतुकाचेच होते. हात खरोखरच कसलेला असणार.

इथे मला थोडे थांबायचे आहे. ही गोष्ट सांगताना लोक दोन टोके गाठतात. एक म्हणतो, सरकारने लोकांना विष टोचले. दुसरा म्हणतो, तेव्हा विषाणू कुणाला ठाऊक होता, सोडून द्या. दोन्ही मला अर्धवट वाटतात. सी विषाणू ठाऊक नव्हता हे खरे. पण सुईतून कावीळ पसरते हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच वैद्यकाला पुरते ठाऊक झाले होते. मिनिटभर उकळणे पुरत नाही, हेही. मग चूक कुठे झाली? मला वाटते ती वेगात झाली. दिवसाचा आकडा गाठायचा, सिरिंजा मोजक्या, आणि बिल्हार्झिया समोर दिसतोय; कावीळ वीस वर्षांनी दिसणार. आणि हेही लक्षात ठेवा, की मोहिमेने बिल्हार्झिया कमी करायला हातभार लावला. तोंडाने घ्यायचे प्राझिक्वांटेल १९८० च्या दशकात आले तेव्हा सुई थांबली.

हे सगळे सिद्ध कसे झाले? दोन वाटांनी. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये फ्रँक आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की इजिप्तच्या ज्या भागांत आणि ज्या वयोगटांत ही इंजेक्शने जास्त, तिथे सी ची प्रतिपिंडेही जास्त. २००३ मध्ये ऑक्सफर्डच्या ऑलिव्हर पायबस यांनी जनुकीय मजकुरावरून मागे हिशेब केला. पोथीतल्या चुका मोजून ती किती पिढ्यांपूर्वी उतरवली हे सांगता येते ना, त्याच तत्त्वाने. उत्तर आले : इजिप्तमधला ४ए हा प्रकार साधारण १९३० ते १९५५ या काळात भराभर वाढला. म्हणजे मोठ्या मोहिमेच्याही आधीपासून, सुई वापरात आल्यापासूनच.

२००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या इजिप्शियन लोकांपैकी १४.७ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, आणि ९.८ टक्क्यांच्या रक्तात प्रत्यक्ष विषाणू. जगात इतके प्रमाण कुठल्याच मोठ्या देशात नव्हते. बिल्हार्झियाने आधीच जखमी झालेल्या यकृतावर हा विषाणू येऊन बसला. त्यांचा लाडका गायक अब्देल हलीम हाफेझ, आपल्याकडे किशोरकुमारचे जे स्थान तेच त्याचे समजा, लहानपणी कालव्यातून बिल्हार्झिया घेऊन आला आणि १९७७ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी यकृताच्या आजाराने गेला. इजिप्तमध्ये यकृताचा आजार म्हणजे घरोघरची गोष्ट होती.

आता मूळ प्रश्न. प्रकार कुठला, याने रोग्याच्या यकृताला काय फरक पडतो? १९९० च्या दशकात एक मत जोरात होते, की १बी हा सगळ्यांत घातक, कारण सिरोसिस आणि कर्करोगाच्या रुग्णांत तोच जास्त सापडतो. नंतर लक्षात आले, की युरोपात १बी असलेले लोक वयाने मोठे होते, त्यांना संसर्ग फार पूर्वी झाला होता. म्हाताऱ्या माणसाचे यकृत जास्त खराब असणारच! वय बाजूला काढल्यावर १बी चे बरेचसे पाप धुतले गेले.

त्यातच आयर्लंडमधून एक विलक्षण पुरावा आला, दुःखद पण स्वच्छ. १९७७-७८ मध्ये तिथे बाळंतिणींना अँटी-डी हे इंजेक्शन दिले जात होते. त्याच्या काही खेपा एका दात्याच्या रक्तामुळे दूषित झाल्या होत्या. विषाणू एकच, १बी. सगळ्या तरुण स्त्रिया, संसर्गाची तारीख माहीत. सतरा वर्षांनी तपासले तेव्हा विषाणू असलेल्या ३७६ जणींपैकी ज्यांच्या यकृताचा तुकडा तपासला, त्यांच्यात निम्म्यांना थोडाफार फायब्रोसिस होता, सिरोसिस मात्र फक्त दोन टक्क्यांना. म्हणजे तोच विषाणू, तोच काळ, आणि तरी एकीचे यकृत जवळजवळ धड, दुसरीचे वणांनी भरलेले. संसर्गाच्या वेळचे वय, स्त्री की पुरुष, दारू, वजन, सोबत दुसरा आजार आहे का, ह्या गोष्टी प्रकारापेक्षा पुष्कळदा जास्त बोलतात.

एक प्रकार मात्र खरोखर वेगळा निघाला, आणि तो आपला : तिसरा. हा विषाणू यकृताच्या पेशीत स्वतःच चरबी साठवायला लावतो. माणूस लठ्ठ नसला, मधुमेह नसला तरी. विषाणू गेला की चरबीही उतरते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या मोठ्या समूहाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या प्रकाराच्या तुलनेत तिसऱ्यात सिरोसिसचा धोका ३१ टक्क्यांनी आणि यकृताच्या कर्करोगाचा ८० टक्क्यांनी जास्त दिसला.

गंमत अशी, की तोपर्यंत सगळी पुस्तके तिसऱ्याला ‘सोपा’ म्हणत होती. का, ते बघा. पहिले औषध इंटरफेरॉन. १९८६ मध्ये, विषाणू सापडायच्याही आधी, दहा रुग्णांवर त्याचा प्रयोग झाला होता. पुढे त्याच्या जोडीला रिबाविरिन आले, २००१ च्या सुमारास आठवड्याला एकदा टोचायचे पेगइंटरफेरॉन आले. ताप, अंगदुखी, केस गळणे, रक्त कमी होणे, खोल नैराश्य. अनेकांनी मधेच सोडले. दुसरा-तीसरा प्रकार असेल तर २४ आठवडे, आणि दहापैकी सात-आठ बरे. पहिला असेल तर ४८ आठवडे, आणि बरे होणारे निम्मेही नाहीत. चौथा या दोघांच्या मधे कुठेतरी. त्यामुळे उपचाराआधी डॉक्टर पहिला प्रश्न विचारायचे : प्रकार कुठला? ‘सोपा’ आणि ‘अवघड’ हे शब्द तिथून आले. ते विषाणूचे वर्णन नव्हते, इंटरफेरॉनशी त्याचे किती जमते याचे वर्णन होते. आणि शब्द मात्र विषाणूला चिकटले.

मग थेट विषाणूवर काम करणारी औषधे आली आणि पाट उलटा फिरला. २०११ ची पहिली दोन, टेलाप्रेविर आणि बोसेप्रेविर, फक्त पहिल्या प्रकारासाठी होती. हे असे का झाले, याला दोन कारणे मला दिसतात. एक प्रयोगशाळेतले : १९९९ मध्ये जर्मनीत लोमान आणि बार्टेनश्लागर यांनी पेशीत वाढणारी विषाणूची जी पहिली प्रणाली तयार केली ती १बी ची होती, त्यामुळे औषधे तपासली गेली ती आधी पहिल्या प्रकारावर. दुसरे कारण बाजारातले : अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये पैसे देऊ शकणारे बहुतेक रुग्ण पहिल्या प्रकाराचे. चौथ्या प्रकाराचा रुग्ण नाईलच्या काठी होता, तिसऱ्याचा पंजाबात.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविरला मान्यता मिळाली. विषाणूचे नक्कल करणारे जे विकर मघाशी सांगितले, त्याच्या गाभ्यावर ते बसते, आणि तो गाभा सगळ्या प्रकारांत जवळजवळ सारखा. लेखनिकाचा हस्तदोष वेगवेगळा, पण बोरू एकच. त्याच्या मान्यतेसाठी झालेल्या एका मुख्य चाचणीत चौथ्या प्रकाराचे रुग्ण किती होते? २८. त्यातले २७ बरे झाले, हे उत्तमच. पण ज्या देशात लाखो लोकांना हा प्रकार आहे त्याच्या वाट्याला अठ्ठावीस!

अमेरिकेत बारा आठवड्यांच्या या औषधाची किंमत होती ८४,००० डॉलर. तेव्हाच्या दराने पन्नास लाख रुपयांच्या वर. इजिप्तकडे तोवर २००६ पासूनची राष्ट्रीय समिती होती, उपचार केंद्रे होती, आणि कंपनीला न टाळता येण्याजोगा रुग्णांचा आकडा होता. वाटाघाटी झाल्या आणि २०१४ मध्ये भाव ठरला, महिन्याला ३०० डॉलर. म्हणजे बारा आठवड्यांना ९००, मूळच्या एक टक्क्याच्या आसपास. या औषधाचा जन्म ज्या फार्मासेट कंपनीत झाला तिच्या संस्थापकांपैकी एक, रेमंड शिनाझी, यांचा जन्म अलेक्झांड्रियाचा, हा इतिहासाचा एक चावट योगायोग.

चौथ्या प्रकाराला ते औषध किती दिवस द्यायचे हेही शोधावे लागले. इजिप्शियन वंशाच्या साठ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात सोफोसबुविर आणि रिबाविरिन बारा आठवडे दिल्यावर ६८ टक्के बरे झाले, चोवीस आठवडे दिल्यावर ९३ टक्के. पुढे जोडीला डॅक्लाटास्विर आले, तीही औषधे इजिप्तमधल्याच कंपन्या बनवू लागल्या, आणि भाव आणखी कोसळला. मग ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत त्यांनी जवळजवळ पाच कोटी लोकांची चाचणी केली. सुमारे २२ लाखांत प्रतिपिंडे सापडली. पुढची तपासणी आणि औषध फुकट. उपचारानंतरचा निकाल ज्यांचा हाती आला त्यांच्यातले ९८ टक्क्यांहून अधिक बरे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीही सरकारच गावोगाव गेले होते, शाळेत टेबल मांडून. या वेळी बोटाला एक टोच, आणि ती सुई एकदाच वापरायची.

आणि आपला ‘सोपा’ तिसरा? नव्या औषधांपुढे तोच हट्टी निघाला. सोफोसबुविर-रिबाविरिनला त्याच्यासाठी बाराऐवजी चोवीस आठवडे द्यावे लागले, आणि सिरोसिस असलेल्यांत तेही कमी पडे. २०१६ मध्ये वेलपाटास्विर आले, सोफोसबुविरसोबत एका गोळीत, सगळ्या प्रकारांसाठी, तेव्हा हा प्रश्न बराच सुटला. भारतीय कंपन्यांनी २०१४ पासून परवान्याने ही औषधे स्वस्तात बनवली, २०१६ मध्ये पंजाब सरकारने मोफत उपचार सुरू केले, २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की सर्व प्रकारांवर चालणारी औषधे वापरा. मग प्रकार तपासायची सरसकट गरज उरत नाही. गरीब देशाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट, कारण ती तपासणी एके काळी औषधाइतकीच अडथळ्याची होती.

मग प्रकारांचे प्रकरण मिटले का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. रवांडात ४आर नावाचा उपप्रकार आढळतो. चौथाच, पण इजिप्तच्या ४ए पेक्षा वेगळा. तिथल्या एका अभ्यासात सोफोसबुविर-लेडिपास्विर या जोडीने एकूण ८७ टक्के बरे झाले, पण ४आर असलेले जेमतेम ५६ टक्के. आशियातल्या ३बी चेही तसेच, सिरोसिस असेल तर वेलपाटास्विरची जोडगोळीही अपुरी पडते. म्हणजे ‘सगळ्या प्रकारांवर चालते’ याचा अर्थ, ज्या प्रकारांवर तपासले त्यांच्यावर चालते. आठवा जीनोटाइप तर २०१८ मध्ये कॅनडात सापडला, चार रुग्णांमध्ये, आणि ते चौघे मूळचे आपल्या पंजाबातले. इथल्या प्रयोगशाळेत कुणी त्यांचा पूर्ण मजकूर वाचला नव्हता, तिकडे गेल्यावर वाचला गेला.

एवढे बोलून मी थांबतो. प्रश्न लिहून आलेले दिसतायत, पहिला आहे अँटी-डी बद्दल. तो घेऊ.